वैजापूरचे पाहुणे जहाज बघायला

लोक समुद्र बघायला जातात, फोटो काढतात, चपलेतली वाळू झटकून परत येतात. आम्ही गेलो सोयरिकीच्या कामाला, समुद्र आपला वाटेत लागला. परत आल्यापासून गुलमंडीवर जो भेटतो तो विचारतो, "झालं का जहाज बघून?" गिऱ्हाईक ताटकळत ठेवून किती जणांना सांगणार, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी माणसं सांगतो. माझं गुलमंडीवर कापडाचं दुकान. थोरली बहीण वैजापूरला दिलेली. तिचा मुलगा अविनाश मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला आहे. पोरगा निर्व्यसनी, दिसायला बरा, घरी पाण्याखालची जमीन, तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, "समुद्रावर असतो व्हय?" एवढं विचारायचे आणि पुन्हा फोन उचलायचे नाहीत. बहीण रडकुंडीला आली होती.

पाहुण्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडं मुलीचा बाप नुसतं घर बघून पोरगी देत नाही. मुलगा काम करतो ती जागा बघतो. वाळूजच्या कंपनीत असेल तर गेटासमोरच्या टपरीवर चहा घेत बसतो, सुटी झाली की बाहेर पडणाऱ्या चौघांना गाठून विचारतो. तहसीलात असेल तर तहसीलाच्या बाकड्यावर जाऊन बसतो. जहाजाला ना गेट ना टपरी. विचारायचं कुणाला, माशांना?

अशात कारभारीअण्णांचं स्थळ आलं. वैजापूर तालुक्यातलेच, कांद्याचे शेतकरी, बोलायला तोडून टाकणारे. त्यांची एकुलती एक सोनाली आमच्या औरंगपुऱ्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. अविनाश समुद्रावर, त्यामुळं मुलगी बघणं फोनवरच झालं. अण्णांना घर आवडलं, माझी बहीण आवडली. पण त्यांच्या हातात वाळूजचं आणखी एक स्थळ होतं, पोरगा कंपनीत कायम, आणि त्या लोकांना रविवारपर्यंत जबाब द्यायचा होता.

अण्णांनी मला दुकानात येऊन सांगितलं, "मामा, पोरगा आन त्याचं काम ह्या डोळ्यानं बघीन, मंगच शब्द देईन. नाय जमलं तर वाळूजवाल्यांना हो म्हणणार. राग मानू नका."

मी म्हटलं, "अण्णा, व्हिडिओवर बघा की पुन्हा एकदा."

"फोनवर तर मेलेली माणसंबी बोलताना दिसत्यात," अण्णा म्हणाले.

त्याच आठवड्यात अविनाशचा फोन आला. त्याचं जहाज कोळसा घेऊन कोकणातल्या एका खाडीत यायचं होतं. आतल्या धक्क्यावर बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, आणि या खेपेला जहाजावरच्यांनाही खाली उतरायला परवानगी नव्हती. पण खाडीच्या तोंडाशी डोंगर आहे, तिथून जाणारं जहाज अगदी जवळून दिसतं, असं तो म्हणाला. एवढं मोठं जहाज त्या उथळ पाण्यात पहिल्यांदाच येणार होतं. मी अण्णांना कळवलं. अण्णा म्हणाले, "चला."

शेजारच्या दुकानातले सलीमभाई पोट धरून हसले. "अरे भई, लोग लड़का देखने जाते, तुम जहाज देखने जा रहे?" मी म्हटलं, भाई, मध्यस्थाचं मरण तुम्हाला काय कळायचं.

निघताना

शुक्रवारी पहाटे माझ्या गाडीत बसायला अण्णा आले, आणि मागून सोनाली. आमच्यात मुलगी कधी पाहणीला जात नाही. अण्णांचं तोंड आधीच फुगलेलं होतं.

"रजा टाकलीय मी," सोनाली म्हणाली आणि मागं बसून तिनं दार ओढून घेतलं.

"माणसं काय म्हणतील?" अण्णा मला म्हणाले. मी म्हटलं, कोकणात आपली माणसंच नाहीत, म्हणणार कोण? तेव्हा कुठं ते पुढं बसले. मांडीवर त्यांची पिशवी होती. तिच्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि सोललेला लसूण. तिकडं नुसता भात खातात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते फार मनावर घेतलं होतं.

नगरजवळ अण्णांना एक युक्ती सुचली. एवढ्या मोठ्या जहाजावर पोरगा ओळखायचा कसा? "त्याला सांगा, भगवं कायतरी अंगात घाल आन कडंला उभा ऱ्हा." युक्ती मलाही पटली. मी अविनाशला तसं लिहून पाठवलं. त्याचा नुसता अंगठा आला. मागच्या सीटवर सोनाली खिडकीकडं तोंड करून हसल्यासारखी वाटली, पण आरशात नीट दिसलं नाही.

कुंभार्ली घाट उतरेपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. घाटात अण्णांना मळमळलं आणि त्यांनी खापर माझ्या गाडी चालवण्यावर फोडलं, एवढंच.

खाडीच्या काठी

गावाचं नाव देत नाही. ज्यांच्याकडं उतरलो त्या सुलभाताईंनी बजावून सांगितलं आहे, "नाव छापू नका हो, नाहीतर सगळा तालुका येईल माझ्या ओटीवर जावई बघायला." लाल चिऱ्याचं घर, मागं पोफळी, दोन खोल्या पाहुण्यांसाठी. बाई पन्नाशीच्या, बोलायला गोड पण कुणाची भीड न ठेवणाऱ्या. त्यांचे यजमानही जहाजावरच असतात हे जेवताना कळलं.

ते ऐकून अण्णांचा घासच थांबला. एवढ्या दिवसांत त्यांना विचारायला पहिलं माणूस मिळालं होतं. मग त्यांनी टपरीवरचे सगळे प्रश्न सुलभाताईंच्या स्वयंपाकघरात काढले. दारू पितात का, तुफान आलं तर काय करतात, आजारी पडला तर डॉक्टर असतो का. शेवटी आवाज बारीक करून, "तिकडं दुसरं घर करत्यात म्हणं?"

"घर करायला आधी उतरू तर दिलं पाहिजे," सुलभाताई म्हणाल्या. "आमच्या वाडीत घरटी एक माणूस बोटीवर आहे. कुणाचं दुसरं घर झाल्याचं ऐकलं नाही. एकाचं झालं, तो चिपळुणात बँकेत होता."

मला हसू आवरेना. अण्णा मात्र गंभीर. आपल्याकडं जे ऐकून पाहुणे पळून जातात, ते इथं पोराच्या कौतुकात सांगतात, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. बांगड्याचं सारही पडत नव्हतं. मटण खाणारा माणूस, पण काटे काढता काढता घामाघूम झाला आणि शेवटी पिशवीतली भाकरी काढली.

सोनाली म्हणाली, "ताई, ते नसतात तेव्हा कसं असतं?"

सुलभाताईंनी तिच्याकडं नीट बघून घेतलं. "खरं सांगू? जातात तेव्हा चार दिवस भात जास्त शिजतो. हात ऐकत नाही. मग सवय होते. बँक, बाग, पोरांची शाळा, सगळं मीच बघते. आले की पहिले आठ दिवस पाहुणे. मग माझ्या डब्यांच्या जागा बदलतात. तेव्हा वाटतं, जा बाबा परत." तिच्या पानात भात वाढत म्हणाल्या, "आणि गेले की वाईट वाटतं. ते काही जात नाही, बरं का. ज्याला जमेल त्यानंच करावं." सोनालीनं मान हलवली आणि तिनं अण्णांसमोरचे काटे गोळा केले.

सकाळी

जहाज दुपारी येणार असं अविनाशनं कळवलं होतं. पण महत्त्वाचं काम सकाळीच करायचं हा अण्णांचा आयुष्यभराचा नेम. बाजार समितीत कांदा न्यायचा तर उजाडायच्या आत रांगेत. त्यामुळं शनिवारी दिवस उगवतानाच त्यांनी आम्हाला डोंगरावर नेलं. इथं डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळाला सडा म्हणतात. काळपट जांभा दगड, मधूनच गवत, झाड औषधाला नाही. कडेला जाऊन खाली बघितलं.

खाली पाणीच नव्हतं. लांब मधोमध एक पट्टा चमकत होता, बाकी सगळा चिखल. होड्या कुशीवर पडलेल्या. बायका घोट्याएवढ्या चिखलात वाकून शिंपल्या वेचत होत्या. पैठणला धरण आटलं की आपण बघतो तसा देखावा, फक्त वास वेगळा.

अण्णांनी तो चिखल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. मग माझ्याकडं वळले. "मामा, इथं जहाज येणार? इथं बैल रुतंल."

"येईल हो, पाणी येईल."

"कुठनं येईल? वरनं सोडणार हायेत का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, त्यामुळं मला जास्त लागलं. "माझी एकच पोरगी हाय. तुमच्या बहिणीच्या पोराचं जमावं म्हणून तुम्ही धडपडता ते कळतंय मला. पण थट्टा करू नका माझी."

मला राग आला आणि लाजही वाटली. मी पन्नास वर्षं कापड मोजतोय. भरती-ओहोटी शाळेत पाठ केली होती, पण एवढं सगळं पाणी खरंच उठून जातं हे कुठं माहीत होतं? तोंडाला येईल ते बोलणार, तेवढ्यात सोनाली म्हणाली, "अण्णा, दुपारी भरती आहे. जहाज त्या मधल्या पट्ट्यातून येतं, तिथला गाळ काढलाय. तरी भरती पूर्ण भरल्याशिवाय आणत नाहीत."

"तुला काय म्हाईत?"

"वाचलं," ती म्हणाली. हल्लीच्या पोरी सगळं मोबाईलवर वाचतात, असं मी अण्णांना सांगितलं आणि आम्ही खाली येऊन घावन खाल्ले. अण्णांना घावन आवडले. पण रागात असल्यामुळं त्यांनी तसं म्हटलं नाही.

दुपारी

पुन्हा वर गेलो तर ती खाडी सकाळची राहिलीच नव्हती. काठोकाठ भरलेली. कुशीवर पडलेल्या होड्या सरळ होऊन डुलत होत्या, बायका वेचत होत्या तिथं निळसर पाणी. अण्णांनी टोपी मागं सारून नुसतं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सकाळचं ते तेवढ्यावर मिटलं.

गावातली बरीच माणसं वर आली होती. बसायला चटया, कुणी उकडलेल्या शेंगा आणलेल्या. रोज जहाजं बघणारी ही माणसं, पण एवढं मोठं त्यांनीही बघितलेलं नव्हतं. सुलभाताई छत्री घेऊन आल्या होत्या.

आधी क्षितिजावर नुसती एक इमारत दिसली. पांढरी, उंच. ती जागची हलतच नव्हती. मी दुसरीकडं बघून परत बघितलं तर ती मोठी झालेली. हळूहळू खालचं काळं अंग दिसायला लागलं, लागलं ते लागतच राहिलं. गुलमंडीच्या चौकातून औरंगपुऱ्याकडं चालायला लागावं तर अर्धी वाट तरी हे जहाजच पुरेल. दोन्ही अंगाला छोट्या बोटी, त्याला ढोसत, सांभाळत आणणाऱ्या. लग्नात जाड्या नवरदेवाला मंडपात नेतात तसं चाललं होतं.

मला वाटलं होतं लई आवाज होईल. पण धडधड अशी कानाला नाही, पायाखालच्या दगडातून आल्यासारखी येत होती. जहाज आमच्या खाली आलं तेव्हा असं वाटलं की ते थांबलंय आणि आमचा डोंगरच चाललाय. मला चक्कर आली, मी खाली बसलो.

"ह्यात किती कांदा मावंल?" अण्णांनी हळू आवाजात विचारलं.

"आपल्या बाजार समितीतला सगळा. आणि मग लासलगावचा."

"वेगात का नाय चालवत?"

मला माहीत नव्हतं. अण्णांनी सोनालीकडं बघितलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

मग माणसं दिसायला लागली. पुढच्या टोकाशी पाच-सहा जण, मध्ये दोघं, मागं आणखी काही. आणि ते सगळेच्या सगळे भगव्या रंगाच्या कपड्यांत. डोक्यापासून पायापर्यंत. जहाजावरचा कामाचा पोशाखच तो. सुलभाताईंना आमची युक्ती कळली तेव्हा त्या छत्रीच्या आड जाऊन हसल्या.

अण्णांचा गोंधळ बघवत नव्हता. "ह्यातला आपला कोणता?" मी डोळे फाडून बघत होतो. एवढ्या लांबून हेल्मेटखाली मला माझा स्वतःचा मुलगासुद्धा ओळखू आला नसता. अण्णांनी टोपी काढली आणि हलवायला लागले. पुढच्यांना हलवली, मधल्यांना हलवली. कुणी बघेना. ते कडेकडेनं चालायला लागले, ठेचकाळले, मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून मागं. शेवटी जहाजाच्या मागच्या टोकाशी एक जण थबकला. त्यानं वर बघितलं आणि हात उंच करून हलवला. चांगला बराच वेळ हलवला.

"त्योच," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "बघितलं? वळखलं त्यानं. उंचीला चांगला हाय."

मी सुटकेचा श्वास टाकला. मनात बहिणीला फोन करून मोकळा झालो होतो. सोनालीला हाक मारावी म्हणून वळलो तर ती हात हलवणाऱ्याकडं बघतच नव्हती. ती जहाजाच्या मागचं पाणी बघत होती. तिथं तळाचा गाळ ढवळून वर येत होता, चहाला उकळी फुटावी तसा, आणि त्याचा पट्टा सरळ रेघेसारखा मागं राहत होता. ती पट्टा विरेपर्यंत तिथंच उभी राहिली.

उशिराचं जेवण

खाली आलो, पानं वाढली. अण्णा खुशीत होते, आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. इतक्यात माझा मोबाईल वाजला. अविनाशचा निरोप होता. "मामा, वर सोडलं नाही. पूर्ण वेळ खाली इंजिनात होतो. अण्णांची माफी मागा."

मी दोनदा वाचला. गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. पण सोयरीक अशी जमवली तर जन्मभर मला सोनालीच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. मी निरोप मोठ्यानं वाचून दाखवला.

अण्णांचा हात ताटातच राहिला. "मंग हात कुणी हलवला?"

"दुसऱ्या कुणीतरी."

मग अण्णा म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका मामा. जहाज बघितलं, लई मोठं हाय. पण पोरगा दिसला नाय. जो दिसलाच नाय त्याला मी पोरगी कशी देऊ?"

त्यांचं बरोबर होतं. बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"अण्णा, जहाज सरळ गेलं ना?" सोनाली म्हणाली.

"गेलं की."

"कुठं घासलं नाही, अडकलं नाही. पाणी उथळ असलं की जोरात चालवता येत नाही. जोर केला की जहाज आणखी खाली बसतं. म्हणून वरून सारखा हुकूम येतो, कमी कर, वाढव, थांब. खालच्यांना एक मिनिट जागा सोडता येत नाही. सकाळी वर येतो म्हणाले होते, मग इंजिनातल्या सगळ्यांनाच खाली थांबवलं. ते खाली होते म्हणून जहाज नीट गेलं. आणखी काय बघायचंय तुम्हाला?"

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. माझ्याही आलं. सुलभाताई भात आणते म्हणून आत गेल्या. भात सगळ्यांच्या पानात होता.

"हे कुठं वाचलंस?" अण्णांनी विचारलं.

सोनालीनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"कवापासनं बोलता?"

"दिवाळीपासून."

"रोज?"

"रेंज मिळाली की."

मी आमटीत नजर घातली. आमच्याकडं शब्द देण्याआधी पोरापोरींनी असं बोलणं म्हणजे काय, ते मी लिहायला नको. अण्णांच्या कानशिलाची शीर ताडताड उडताना मला दिसत होती.

"मंग मला कशाला हिंडवलं एवढ्या लांब?"

"तुम्हाला बघायचं होतं म्हणून," सोनाली म्हणाली. "तुम्ही नाही म्हणाला असता तर मी ऐकलं असतं, अण्णा. वाळूजला गेले असते. पण मला वाईट वाटलं असतं. लई वाईट वाटलं असतं."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. बघता बघता त्यांचा राग कुठंतरी अडकला असावा, कारण पुढचा प्रश्न त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारला. "एवढं काय बोलतो गं त्यो?"

"काही नाही. जेवलीस का, विचारतात."

"आन मंग?"

"मग मी त्यांना विचारते."

"तेवढ्यासाठी समुद्रावरनं फोन?"

"हो."

अण्णांनी ताटाकडं बघितलं. मग डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढला, सोनालीच्या आईचा नंबर लावला आणि नेहमीच्या सवयीनं आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

पलीकडून घाबरलेला आवाज आला. "काय झालं? गाडी ठोकली का? सोनी कुठंय? मामांकडं द्या फोन."

"कुणाला काय झालं नाय. जेवली का, तेवढं सांग."

"नाय अजून. कामं चाललीत रानात."

"मंग आधी जेवून घे. आन मग अविनाशच्या आईला फोन लावून कुंकवाचा दिवस इचार. आपला होकार हाय."



"बरं, लावते," ती म्हणाली. "पण तुम्ही आधी खरं सांगा. तुमची तब्येत बरी हाय ना?"